पेटी केवढी घ्यायची

१ फेब्रुवारी, रविवार

निवृत्त होऊन आठ महिने झाले. आज पहिल्यांदा हाताला काम लागलं, म्हणून ही वही काढली. वही कंपनीची आहे, लिफ्टच्या देखभालीच्या नोंदींची, कोरी राहिलेली. तारीख, तक्रार, कारण, उपाय असे रकाने छापलेले आहेत. मी रकाने ओलांडून लिहिणार आहे. पस्तीस वर्षं रकान्यात मावेल एवढंच लिहिलं, आता पुरे.

तर तक्रार. सूनबाईचा लॅपटॉप आज ऐन सामन्यात बंद पडला. ती संगणकावर खेळते. पाच जणांचा संघ, बाकीचे चौघे कुठकुठल्या गावांत बसलेले, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायचं आणि समोरच्या पाचांना हरवायचं. कप्तान सूनबाई. एरवी घरात तिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. खेळायला बसली की मात्र चौघांना अशी फैलावर घेते की मी बाहेर खुर्चीत सावरून बसतो. मला ते फार आवडतं, पण तसं कधी बोललो नाही. आज जिंकत आले होते. लॅपटॉपचा पंखा केव्हाचा केकाटत होता, शेवटच्या पाच मिनिटांत पडदा काळा पडला. मला वाटलं आता आदळआपट होणार. तिने झाकण मिटलं, हेडफोनची वायर नीट गुंडाळली आणि भांडी घासायला गेली.

मी म्हणालो, मी तुला मशीन बांधून देतो. खेळासाठीचंच, सगळे भाग निवडून आणून. ती म्हणाली, नको बाबा, तुम्हाला कशाला त्रास. त्रास म्हणे! आठ महिने मी घरात बसून जिन्यापलीकडच्या लिफ्टचे आवाज ऐकतोय. तिच्या संघाची पात्रता फेरी २२ मार्चला आहे. सात आठवडे. तेवढ्यात मी अख्ख्या इमारतीची लिफ्ट उभी केली असती.

३ फेब्रुवारी

संगणकाच्या भागांच्या दुकानांची गल्ली आहे, तिथे गेलो. पहिल्या मजल्यावर छताला टेकतील इतकी खोकी रचलेलं एक दुकान. मालकाचा एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. मी मनात त्याचं नाव दोनचष्मे ठेवलं.

मला वाटलं होतं यादी करायची, भाग घ्यायचे, जोडायचे. कसलं काय. प्रोसेसर ठरवला की तो बसेल असाच मदरबोर्ड हवा. मदरबोर्ड ठरला की त्याला चालेल तीच रॅम. आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळाची चित्रं काढणारा भाग, तो तर घरचा जावई. त्याच्या लांबीप्रमाणे पेटी, त्याच्या भुकेप्रमाणे वीज पुरवणारा डबा. त्या डब्याला एसएमपीएस म्हणतात आणि पेटीला कॅबिनेट. एकाला हात लावला की पाच जण जागचे हलतात. इंटरनेटवर विचारावं तर एक म्हणतो हाच घ्या, दुसरा म्हणतो हा घेणाऱ्याची कीव येते. दोघांनीही तो घेतलेला नसतो.

तीन तास उभा होतो. काहीही न घेता घरी आलो. पाय दुखताहेत आणि डोकं त्याहून.

६ फेब्रुवारी

ज्याला वापरायचंय त्याला विचारावं म्हणून सूनबाईला विचारलं, तुझी काही अट आहे का. ती म्हणाली, "बाबा, पेटी छोटी घ्याल का?"

छोटी म्हणजे केवढी, तर तिने हातांनी दाखवली. शाळेच्या दप्तराएवढी. मग विचारते, सगळं मिळून वजन किती होईल. मग म्हणते, वर धरायला मूठ असलेलीही मिळते म्हणे.

मी तिला समजावलं. यंत्राला वजन हवं. हलकं यंत्र थरथरतं, थरथरलं की आवाज करतं, आणि आवाज करणारं यंत्र आज ना उद्या दगा देतं. शिवाय लहान पेटीत हवा कोंडते, म्हणजे पुन्हा लॅपटॉपचीच कथा. मशीन काय डोक्यावर घेऊन नाचायचंय का? ती मान डोलावत ऐकत होती. आतून आमची ही म्हणाली, "ती सांगते तशी घ्या ना." हिला प्रोसेसर आणि प्रेशर कुकर यांतला फरक कळत नाही, पण मत आहेच.

८ फेब्रुवारी, रविवार

सूनबाईच्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नीट आहे का ते विचारायला सकाळी सातला चिरंजीवांना फोन लावला. लग्नाआधी ती खोली त्यानेच नव्याने वायरिंग करून घेतली होती. एका बाईने उचलला. झोपेतला आवाज. म्हणाली, तो अंघोळीला गेलाय. ऑफिसातली असावी. रविवारी सकाळी सातपासून माणसांना कामाला जुंपतात, काही विचारायची सोय नाही. तीन महिन्यांच्या कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला, चौदा महिने झाले, अजून काम संपत नाही.

हिला सांगितलं. हिने हातातलं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाली, "सूनबाईला हे सांगू नका." यात सांगण्यासारखं तरी काय आहे? अर्थिंग मी स्वतःच तपासलं. ठीक आहे.

१३ फेब्रुवारी

ठरलं एकदाचं. मोठी, उभी, पोलादी पेटी. रिकामी चौदा किलो. पुढे तीन पंखे, मागे एक. मदरबोर्ड पूर्ण आकाराचा, म्हणजे पुढे काही वाढवायचं झालं तर जागा राहील. कूलर असा उंच की प्रोसेसरला ताप म्हणजे काय ते कळणार नाही. आणि एसएमपीएस हजार वॉटचा.

दोनचष्मे म्हणाला, साडेसहाशे भरपूर होतील. मी म्हटलं, लिफ्टचा दोर दहा-बारा पट भार पेलेल असा घालतात, तो काय वेड लागलं म्हणून? त्यावर म्हणतो, "काका, यातून माणसं वर जाणार नाहीयेत." गल्ल्यावरची मुलगी हसली. मी हजारचाच घेतला.

पेटी घरी आणली तेव्हा दार सूनबाईने उघडलं. ती पेटीकडे बघतच राहिली. मग वीत टाकून रुंदी मोजली, उंची मोजली, एका बाजूने जरा उचलून बघितली आणि खाली ठेवली. मोजतेय म्हणजे पसंत पडलेली दिसते. नंतर मात्र विचारलं, नाही आवडली तर परत करता येते का. मला वाईट वाटलं. माझा चेहरा पडला असावा, कारण लगेच म्हणाली, "छान आहे बाबा. खूप छान आहे."

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

पेटी एवढी चांगली, पण नुसती फरशीवर ठेवायची हे मला पटत नव्हतं. लिफ्टचं मशीन कोणी नुसतं ठेवत नाही. खाली चौकट, चौकटीखाली रबर, आणि चौकट बोल्टने जमिनीत पक्की. तेव्हा ते वीस वर्षं हूं की चूं करत नाही. लोखंडी अँगल मी परवाच कापून आणले होते. सूनबाई लॅबला गेली (रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे ती) आणि मी ड्रिल काढलं. फरशीला चार भोकं, पेटीच्या बुडाला चार भोकं, चार अँकर बोल्ट. कंबर धरली, पण काम असं झालं की बघत राहावं.

ती आली आणि दारातच थबकली. मी पेटीला पायाने ढकलून दाखवलं. "बघ. आता भूकंप आला तरी ही इथून हलणार नाही."

ती पलंगावर बसली आणि रडायला लागली. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, बराच वेळ. मला काय करावं सुचेना. तिचे आईवडील लवकर गेले, तिच्यासाठी कोणी एवढं केलं नसेल कधी. मी डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फार चांगले आहात," आणि पुन्हा रडली. माझेही डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात ही आली, फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही म्हणजे..." एवढंच म्हणाली आणि निघून गेली. पुसून पुसून फरशी तिनेच चकचकीत ठेवलेली, त्यामुळे जरा राग येणारच.

२१ फेब्रुवारी

प्रोसेसर बसवला, कूलर बसवला. कूलरचा चौथा स्क्रू पाऊण तास बसेना. शेवटी कळलं पहिला जास्त आवळला होता. चारही थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे असतात. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं आणि स्वतः विसरलो. माझ्या हाताखाली कोणी असं केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

आता फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलं. दोन पसंत आहेत, दोन्हींबद्दल लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. सूनबाईला विचारलं तर म्हणते, तुम्हाला योग्य वाटेल ते घ्या. हल्ली ती कशालाच नाही म्हणत नाही, आणि याचाच मला वैताग येतो. रोज संध्याकाळी येऊन दारात उभी राहते, बोलायचं असल्यासारखी, मी काहीतरी दाखवतो, ती बघते आणि जाते. तिने पुस्तकं देऊन टाकली, कपाटाचे दोन कप्पे रिकामे झाले. मी म्हटलं बरं झालं, हेडफोन आणि सटरफटर तिथे राहील.

२४ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

कार्ड बघायला गेलो होतो. एक निवडलं, बांधून घेतलं. पिशवी देता देता दोनचष्मे सहज म्हणाला, तुमच्या सूनबाई येऊन गेल्या परवा. माझे सासरे मोठी पेटी घेऊन गेलेत, ती बदलून छोटी मिळेल का विचारत होत्या. पंधरा मार्चला दुसऱ्या गावी राहायला जायचंय, एकटीला बसमधून नेता यायला हवी. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक चष्मा काढून पुसत बसला. मला माहीत नाही हे त्याला कळलं. मला हे कळलं ते एका दुकानदाराकडून, गल्ल्यापाशी उभं राहून, गल्ल्यावरच्या मुलीच्या देखत.

घरी येऊन हिला स्वयंपाकघरात गाठलं. हिला नोव्हेंबरपासून माहीत आहे. चिरंजीवांनी तिकडे दुसरं घर मांडलंय. परत येणार नाही, आईला फोनवर सांगून मोकळा झाला. सूनबाईने तिच्या लॅबच्या दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागून घेतली. तिथे एक खोली बघितली. रविवारी सकाळी सातला फोन उचलणारी ती कोण, तेही आता माझ्या टाळक्यात शिरलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, "कोणी सांगायचं? मला तोंड नव्हतं. ती रोज सांगायला तुमच्यापर्यंत यायची, आणि तुम्ही तिला एखादा स्क्रू दाखवायचात."

लिफ्टमध्ये कुठे बेअरिंग गेलंय ते मी तळमजल्यावरून नुसत्या आवाजावरून सांगायचो. लोक वाहवा करायचे.

२५ फेब्रुवारी

चिरंजीवांना फोन केला. म्हणाला, बाबा, तुम्हाला सांगणारच होतो. मी म्हटलं, कधी, मी मेल्यावर? तो म्हणाला, तुम्ही चिडता म्हणून. मी चिडलेलाच होतो. फोन ठेवला. सूनबाईला अजून वाटतंय की मला काहीच माहीत नाही, आणि मी तसंच वाटू दिलंय.

२८ फेब्रुवारी

सूनबाईने विचारलं, कार्ड मिळालं का. मी म्हणालो, बाजारात नाही. तुटवडा आहे.

२ मार्च

पुन्हा म्हणालो, तुटवडा आहे.

४ मार्च

कार्ड कपाटात आहे. माझ्या जुन्या गणवेशांच्या खाली, पिशवीसकट. वही माझी आहे, इथे तरी खरं लिहितो. मशीन झालं नाही तर पात्रता फेरीला ती काय घेऊन बसणार? इथेच थांबावं लागेल. मी म्हणेन, फेरी होऊ दे, मग जा. फेरी जिंकले तर पुढची फेरी. असं करत करत चार-सहा महिने निघाले तर कोणी सांगावं, तिकडे त्याचं डोकं ठिकाणावर येईल. नाही आलं तरी ती राहील. तिच्या वाटणीची खोली आहे, कपाट आहे, आम्ही आहोत. कुठल्या अनोळखी गावात एकटी भाड्याच्या खोलीत राहणार?

हे लिहून झाल्यावर वाचलं. वाचायला बरं वाटत नाही. पण मला ती जायला नको आहे. साठी उलटलेल्या माणसाने असं म्हणू नये असा काही नियम आहे का?

५ मार्च

कपडे ठेवताना हिला पिशवी सापडली. पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. ओरडली नाही, हळूच म्हणाली, "त्या पोरीला इथे खिळवून ठेवायला निघालात? चार बोल्ट पुरले नाहीत?"

पिशवी तिच्या हातून घेऊन मी टेबलावर ठेवली.

संध्याकाळी सूनबाई लॅबमधून आली, नेहमीसारखी दारात उभी राहिली. आज माझ्या हातात स्क्रू नव्हता. मी म्हणालो, बस. ती पलंगाच्या कडेवर बसली. दोघांच्या मध्ये ती चौदा किलोची पेटी, जमिनीत रोवलेली.

"बाबा, मी जाणार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. पेटी केवढी घ्यायची ते सांग."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने हात पुढे केले, पूर्वी दाखवले होते तेवढेच अंतर ठेवून, आणि हात तसेच धरून रडली. मी या वेळी कृतज्ञता वगैरे काही समजलो नाही.

७ मार्च, शनिवार

पेटी परत घ्यायला दोनचष्मे तयार नाही. बरोबर आहे त्याचं. म्हणाला, वीस वर्षांत लोकांनी पेटीत चहा सांडलेला बघितला, मुंग्या बघितल्या, जमिनीत बोल्ट मारलेली पेटी पहिल्यांदाच ऐकतोय. एसएमपीएस आणि कार्ड मात्र बदलून दिलं, खोकी फोडली नव्हती म्हणून. मदरबोर्डसाठी हुज्जत घातली, शेवटी तोही घेतला.

आता सगळं नव्याने, आणि आधीपेक्षा दहापट कटकट. लहान पेटीत लहान मदरबोर्ड, त्याला रॅमची दोनच घरं. एसएमपीएस वेगळ्या जातीचा, मुठीएवढा, साडेसहाशे वॉट. उंच कूलर बाद, बुटका घेतला. निवडलेलं कार्ड जागेपेक्षा अकरा मिलिमीटरने लांब निघालं. अकरा! दुसरं बघितलं, ते लांबीला बसतं पण जाडीला नाही. तिसऱ्याला वायर वरून लागते, ती पेटीच्या काचेला अडते. मी पट्टी घेऊन खाली बसलो. दोनचष्मे शिडीवर चढला, वरची खोकी काढत राहिला. दुपार उलटून गेली. शेवटी एक सापडलं, दोन पंख्यांचं, आखूड. बसलं. मी त्याला म्हणालो, तुम्ही साडेसहाशे म्हणाला होतात. त्याने चहा मागवला.

८ मार्च

मशीन जोडलं. बोटं जात नाहीत, वायर वळत नाहीत, दोनदा हात कापला. एक तास खेळ चालवून तापमान बघितलं. चौऱ्याऐंशी. वैताग. खालचा पंखा उलटा लावला होता, आतली गरम हवा पुन्हा आत ढकलत होता. सुलटा केला. पंच्याहत्तर. हे चालेल. वजन साडेसहा किलो, तिने एका हाताने उचललं.

जुनी चौकट सोडवली. बोल्ट कापावे लागले, फरशीची भोकं सिमेंटने बुजवली. रंग जुळत नाही, चार ठिपके दिसतात.

११ मार्च

सामान बांधता बांधता सूनबाईने विचारलं, "तिथे बिघडलं तर?"

मी म्हणालो, मी येईन. आठ तासांचा रस्ता आहे, येईन त्यात काय.

तेव्हापासून विचार करतोय. ती मला बोलावणार नाही. का बोलावेल? उद्या कागदांवर सह्या झाल्या की मी तिचा कोण? नवऱ्याचा बाप होतो, नवराच राहिला नाही. ज्या माणसाच्या मुलाने तिला असं वाऱ्यावर सोडलं, त्या माणसाला ती फोन करून सांगणार की पंखा फिरत नाही? ती गप्प बसेल. झाकण मिटून भांडी घासायला जाईल. मी बांधलेलं मशीन तिथे बंद पडून राहील, आणि मला कळणारही नाही.

मी एवढा खटाटोप केला तो चुकीच्याच दिशेने केला असं वाटायला लागलंय.

१४ मार्च, शनिवार

आज तिला सुट्टी. सकाळी मी चालू मशीन बंद केलं आणि सगळं सुटं केलं. शेवटच्या स्क्रूपर्यंत. सगळे भाग टेबलावर मांडले आणि तिला हाक मारली. ती घाबरली. काय झालं, बिघडलं का? मी म्हटलं, नाही. तू जोड. मी कशालाही हात लावणार नाही.

"बाबा, उद्या सकाळची बस आहे."

"मग आत्ताच बस."

मी खुर्ची भिंतीला लावून बसलो, हात मांडीखाली. तिने मदरबोर्ड खोक्यावर ठेवला, प्रोसेसरवरचा त्रिकोण जागेवरच्या त्रिकोणाशी जुळवला, अलगद सोडला. माझ्यापेक्षा चांगला हात आहे. लॅबमध्ये दिवसभर इवल्याशा नळ्या हाताळते, त्याचा परिणाम. रॅम. कूलर, चारही स्क्रू आळीपाळीने, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग पेटीत सगळं उतरवलं, कार्ड बसवलं, वायरी लावल्या. दीड तास लागला. बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर काही नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

प्रोसेसरला वीज देणारी वायर लावायची राहिली होती. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या आड तिची जागा आहे, पटकन दिसत नाही. मला ती वायर बटण दाबण्याच्या आधीपासून दिसत होती, पेटीच्या कडेला मोकळी लोंबकळत. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ओठ आवळून बसलो.

तिने रॅम काढून घातली. काही नाही. कार्ड काढून घातलं, पडद्याची वायर बदलली. काही नाही. दुसऱ्यांदा कार्ड काढलं तेव्हा ती म्हणाली, मला नाही जमत, बाबा, सांगा ना. मी म्हणालो, मला काय माहीत. ही मागे दारात येऊन उभी होती. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हिला कळलं की मला माहीत आहे. चाळीस मिनिटं गेली. लिफ्टमध्ये माणसं अडकलेली असतानाही चाळीस मिनिटं मला एवढी मोठी वाटली नव्हती. दोनदा उठलो आणि दोनदा खाली बसलो.

मग सूनबाई थांबली. हात पुसले. खोक्यातलं माहितीपत्रक काढलं आणि पहिल्या पानापासून एकेक वायर बोटाने धरून मोजायला लागली. सहाव्या वायरला तिचं बोट अडकलं. कूलरच्या आड वाकून बघितलं, स्वतःलाच एक शिवी दिली, वायर लावली. बटण दाबलं. पडदा उजळला.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला दिसली होती ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही. ती हसली, मग हसू गेलं. वायरीच्या टोकाशी बोटांनी चाळा करत म्हणाली, "म्हणजे आता बिघडलं म्हणून तुम्हाला फोन करायची सोय राहिली नाही."

"न बिघडता कर," मी म्हणालो. पुढे मला तिथे बसवेना, म्हणून खोक्याला दोरी बांधायला उठलो.